शेततळ्यात मासे, शेताला पाणी: नागपूरकडच्या कोरडवाहूसाठी वर्षभराचा हिशेब

पहिल्या वर्षी माझे मासे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मेले. कळमेश्वर तालुक्यातलं शेत, एक एकर संत्रा, बाकी कापूस, तूर आणि हरभरा. तळं नवं होतं. त्या आठवड्यात थ्री-फेज लाईन रात्रीची होती, म्हणून संध्याकाळी पंपाला ऑटो स्विच लावून मी घरी यायचो. ओढनळीच्या टोकाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, तळाला टेकलेला होता. चार रात्रींत पाणी कमरेएवढं उरलं आणि पाचव्या सकाळी कटला पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले दिसले. रोग नव्हता, कुणी विष टाकलं नव्हतं. एका पाण्याचे दोन धनी होते आणि त्यांची वाटणी कधी झालीच नव्हती.

ती वाटणी कशी करायची, हेच या लेखात सांगायचं आहे. बाकी सगळं, बीज, खाद्य, जाळं, त्यातून आपोआप ठरत जातं.

हे काम आपल्याकडे नवं नाही. नागपूरच्या पूर्वेला, रामटेक-कुहीपासून पुढे भंडारा-गोंदियापर्यंत झाडीपट्टीत कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव आणि घरोघरच्या बोड्या, म्हणजे लहान तळी आहेत. त्यांचं पाणी धानाच्या बांध्यांना जायचं आणि मासळी ढीवरांच्या जाळ्यात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हा पश्चिमेचा पट्टा मात्र वेगळा. इथे काळा खडक, खोल गेलेल्या बोअर आणि पाण्यावर जीव असलेल्या संत्र्याच्या बागा. इथे पाऊस कमी नाही, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून धानपट्ट्यातली रीत जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही. इथे तळं आटतं हे धरूनच मासे पाळावे लागतात.

खोदण्याआधी कागदावर

आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारं तळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत, धरला तर तळ 24 बाय 24 मीटरचा होतो आणि काठोकाठ भरल्यावर सुमारे 2,196 घनमीटर, म्हणजे 22 लाख लिटर पाणी मावतं. हा आकडा ऐकून माणूस खूश होतो. थोडं थांबून पुढची वजाबाकी करा.

काठ सांभाळायला वरचा एक फूट रिकामा ठेवावा लागतो. उरले सुमारे 19 लाख. माशांसाठी तळापासून चार फूट, म्हणजे 1.2 मीटर पाणी राखून ठेवलं तर ते साडेसात लाख होतं. मधल्या थरात उरले साडेअकरा-बारा लाख. आता ऊन. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत उघड्या तळ्यातून ढोबळमानाने दोन फूट पाणी उडून जातं. ते झालं पाच लाखांच्या घरात. पिकाच्या वाट्याला आले साडेसहा-सात लाख लिटर.

सात लाखांत काय होतं? एका एकरावर पाटानं दोन इंच पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात, म्हणजे साडेतीन पाळ्यांत तळं संपलं. तुषार संचावर हरभऱ्याला एक पाळी एकरी सव्वा-दीड लाखात बसते. मग दोन एकर हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक अशा दोन पाळ्या सहज होतात आणि थोडं भाजीपाल्याला उरतं. संत्र्याचं म्हणाल तर एकरी 110 झाडं, ठिबकावर हिवाळा-उन्हाळ्याची सरासरी दिवसाला 60 लिटर धरली तरी रोजचे 6,600 लिटर होतात. सात लाख लिटर शंभर दिवस पुरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: या मापाचं एक तळं म्हणजे एक एकर बाग किंवा दोन एकर हरभरा, आणि सोबत मासे. याच्यावर तीन-चार एकर बाग लावायची आणि मासेही पाळायचे असा बेत कुणी सांगत असेल तर त्याला मार्चचा हिशेब विचारा. विहिरीचा आधार असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबरपर्यंत विहिरीला चांगलं पाणी असतं तेव्हा ते उचलून तळं पुन्हा भरून घेता येतं आणि वरच्या वजाबाकीत दोन-तीन लाखांची भर पडते. पण शेजाऱ्यांच्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतील एवढा उपसा करून तळं भरणं मला मान्य नाही.

पावसाळ्यातला एक फायदा या हिशेबात धरलेला नाही. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांची उघाड पडली, कापसाची पाती गळायला लागली, तर तेव्हा तळ्यातून एक पाळी बेधडक द्या. पुढच्या पावसात तळं परत भरतं आणि माशांना ताजं पाणी मिळतं.

कोणता बहार धरायचा

बहार म्हणजे संत्र्याच्या कोणत्या हंगामातल्या फुलांवर फळ घ्यायचं ते. बागायतदारांसाठी ही गोष्ट मासळीइतकीच महत्त्वाची आहे. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ सांभाळायला मार्च ते जून भरपूर पाणी लागतं. नेमकं तेव्हाच तळं खाली गेलेलं असतं. मृग बहाराचं उलट आहे. त्याला मे महिन्यात पाणी तोडून ताण द्यायचा असतो, फुलं पावसावर येतात आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चला तुटतं. म्हणजे पाण्याची खरी गरज ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जेव्हा तळं भरलेलं असतं. तोडणीनंतर झाडं जगवण्यापुरतं पाणी दिलं की झालं. ज्यांचा सगळा भार तळ्यावर आहे आणि मासेही पाळायचे आहेत, त्यांनी मृग धरावा. पाऊस लांबला तर मृगाची फूट बिघडते, ही जोखीम खरीच आहे. पण एप्रिल-मेमध्ये टँकर लावून आंबिया वाचवण्यापेक्षा मला ती परवडते.

जागा आणि खोदकाम

नाल्याच्या पात्रात तळं खोदू नका. पहिल्या पुरात गाळ येतो आणि मासे वाहून जातात. ओघळीच्या बाजूला, शेताच्या शक्यतो वरच्या अंगाला जागा धरा. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी दोन मीटरचा गाळ बसायचा खड्डा करा, त्यानंतर बारीक जाळी आणि मगच तळं. जाळी नसेल तर ओढ्यातून मरळ आणि इतर शिकारी मासे आत येतात आणि तुमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, खाऊन टाकतात. सांडव्यालाही तशीच जाळी हवी.

मुरमाड जमिनीत एकास एक उतार टिकतो. काळ्या चिकण मातीत दीडास एक ठेवा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. उभा काठ दुसऱ्याच वर्षी ढासळतो. उतार वाढला की पाणी 22 लाखांवरून 20 लाखांच्या खाली येतं, हे हिशेबात धरा. तळाच्या एका कोपऱ्यात 5 बाय 5 मीटरचा, आणखी तीन फूट खोल खड्डा काढून घ्या. उन्हाळ्यात उरलेले मासे तिथे गारव्याला जातात आणि शेवटची धरपकडही तिथेच होते. पोकलेन रानात असतानाच हे सांगा, नंतर होत नाही.

पश्चिम पट्ट्यात प्लास्टिकशिवाय पाणी टिकत नाही. 500 मायक्रॉनचा, आयएस 15351 चा शिक्का असलेला प्लास्टिकचा कागद घ्या आणि अंथरण्याआधी तळातले दगड हातानं वेचून काढा. प्लास्टिकच्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे तळाशी चरणाऱ्या माशांना नैसर्गिक खाणं मिळत नाही. मी चाळलेल्या मातीचा सहा इंचांचा थर तळाशी टाकतो. त्यानं कागदाचं उन्हापासूनही रक्षण होतं.

आणि कुंपण. प्लास्टिकच्या काठावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. लेकरं, गुरं, रोही, रानडुकरं, सगळ्यांसाठी हा सापळा आहे. चारी बाजूंना जाळीचं कुंपण घाला आणि चारही काठांवरून गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. एक हवा भरलेला ट्यूब तळ्याजवळ कायम टांगलेला असू द्या. पैसे कमी पडले तर बाकी काहीही पुढे ढकला, हे ढकलू नका.

अनुदानाबद्दल थोडक्यात. तळ्यासाठी राज्याच्या योजनेत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो. मासळीसाठी 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली, तिच्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत ठरवली होती. 2025 मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. मंजुरी हातात येण्याआधी खोदकाम सुरू केलं तर प्रस्ताव अडकतो, एवढं ध्यानात ठेवा.

रेघ

तळं कोरडं असतानाच आत एक सिमेंटचा खांब उभा करा आणि त्यावर फुटाफुटाला ऑइलपेंटनं आकडे लिहा. चार फुटांवर लाल रेघ ओढा. तिच्या खालचं पाणी माशांचं.

नुसती रेघ रंगवून भागत नाही, कारण रात्रीच्या लाईनीला रेघ दिसत नाही. फूटव्हॉल्व्ह तीन फूट उंचीच्या लोखंडी घोड्यावर बसवा आणि घोडा जागेवर पक्का करा. व्हॉल्व्हच्या तोंडावर फूटभर पाणी उरलं की भोवरा पडून पंप हवा ओढायला लागतो, म्हणजे रेघेपाशी उपसा आपोआप तुटतो. पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून स्टार्टरला ड्राय-रन संरक्षण बसवून घ्या. व्हॉल्व्हभोवती बारीक जाळीचा मोठा पिंजरा हवा. पिंजरा लहान असेल तर जाळीवर ओढ जास्त बसते आणि बोटुकली तिला चिकटून मरते.

सौर पंप मिळत असेल तर तो घ्या. दिवसा उपसा होतो, माणूस समोर असतो आणि रोज थोडं थोडं पाणी जातं. एका दिवसात तळं चार बोटांपेक्षा जास्त खाली जाऊ देऊ नका. हरभऱ्याची पाळी असेल तर ती आठ-दहा दिवसांत वाटून द्या.

पाणी भरल्यावर

मातीचं तळं असेल आणि मे महिन्यात ते आटलं, तर तळ वाळू द्या, वखर फिरवा आणि चुना टाका. हेक्टरी 200 ते 250 किलो हे माप, म्हणजे आपल्या तळ्याला 20 ते 25 किलो. पाणी पूर्ण आटलं नसेल आणि आत जुने शिकारी मासे असतील तर मोहाची ढेप हा आपल्या भागातला जुना उपाय आहे. हेक्टरी मीटरभर पाण्याला 2,500 किलो लागते. तिनं मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत तिचं विष उतरतं आणि नंतर तीच खत होते. त्यानंतरच बीज सोडा.

पहिल्या जोरदार पावसाचं पाणी आत घेऊ नका. त्यात धुऱ्यावरचं तणनाशक आणि शेतातली घाण असते. तोंडाशी आडवी पाटी ठेवून ते बाहेर वळवा. तळं अर्ध्यावर आलं की शेण द्या. आपल्या मापाला सुरुवातीला सहा-सात क्विंटल ताजं शेण पोत्यांत भरून काठाशी बुडवून ठेवा, सैल टाकू नका. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवट-तपकिरी होतं. त्या रंगात माशांचं पहिलं खाणं असतं. हात पाण्यात सरळ बुडवा. तळवा कोपरापर्यंत पाणी आल्यावर दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. मनगटाशीच नाहीसा झाला तर शेण थांबवा. दंड बुडेपर्यंत दिसत राहिला तर आणखी थोडं द्या.

बीज किती आणि कोणतं

इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो होतो. ऑगस्टमध्ये तुडुंब तळं पाहून हजार-बाराशे बोटुकली सोडली जाते. बीज ऑगस्टच्या पाण्याला धरून सोडायचं नसतं, मार्चच्या पाण्याला धरून सोडायचं असतं. रेघेवर पाणी आलं की आपल्या तळ्याचा पसारा 900 वरून 700 चौरस मीटरच्या खाली येतो आणि खोली चार फूट उरते. तेव्हा 450 ते 500 मासे हे योग्य माप.

जात साधी ठेवा: कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मध्ये आणि मृगळ तळाशी, म्हणून ते एकमेकांच्या तोंडचं खात नाहीत. मातीच्या तळ्यात दहात तीन कटला, चार रोहू, तीन मृगळ. प्लास्टिकच्या तळ्यात मृगळ एकावर आणा आणि कटला-रोहू वाढवा. पाणवनस्पती माजत असेल तर वीस-पंचवीस गवत्या (ग्रास कार्प) मासे सोडा, त्यांना धुऱ्यावरचं हत्ती गवत कापून घालता येतं. थाई मागूर कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि पुरात तो ओढ्यात गेला तर आपल्या देशी माशांचा फडशा पाडतो.

आपला हंगाम जुलैअखेर ते मार्च, म्हणजे जेमतेम आठ महिने. बोटाएवढं बीज सोडलं तर मार्चमध्ये मासा तीन-चारशे ग्रॅमवर अडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. म्हणून मागच्या वर्षीचं, दाटीत वाढ रोखून ठेवलेलं 80 ते 100 ग्रॅमचं बीज शोधा. मोकळं पाणी आणि खाणं मिळालं की ते झपाट्यानं वाढतं. महाग पडतं, पण मरही कमी असते. ते नाहीच मिळालं तर निदान चार इंचांची बोटुकली, शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच. नागपुरात तेलंगखेडीला माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. बीज ओळखायला शिकायचं असेल तर एक दिवस काढून तिथे जाऊन या.

बीज सकाळी लवकर आणा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून ओंजळी-ओंजळीनं तळ्याचं पाणी आत घाला, आणि शेवटी पिशवी आडवी धरून मासे स्वतःहून बाहेर येऊ द्या. घाईनं ओतलं तर पाण्याच्या तापमानाच्या फरकानंच अर्धे जातात, आणि ते तळाशी मेल्यानं दिसतही नाहीत.

खाद्य

मौदा-रामटेककडच्या राईस मिलमधला कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची ढेप, निम्मे-निम्मे. सरकीची ढेप आपल्याकडे स्वस्त मिळते, पण तिच्यात गॉसिपॉल हे माशांना बाधणारं द्रव्य असतं. एकूण ढेपेत तिचा वाटा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. ढेप रात्री भिजवा, सकाळी कोंड्यात कालवून गोळे करा आणि भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात ठरलेल्या जागी टांगा. नऊ-दहाच्या सुमारास, ऊन वर आल्यावर.

माप असं: तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के. महिन्यातून एकदा जाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोला. समजा सरासरी 200 ग्रॅम आली आणि 450 मासे आहेत, तर एकूण 90 किलो, रोजचं खाद्य सव्वादोन किलो. दुसऱ्या दिवशी पोत्यात शिल्लक दिसली तर कमी करा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी पडली की मासे मंदावतात, तेव्हा खाद्य निम्म्यावर आणा. ढगाळ दिवशी देऊच नका. न खाल्लेली ढेप तळाशी कुजते आणि प्राणवायू खाते.

पहाटेची फेरी

सगळ्या मर्तुकीचं मूळ बहुतेक वेळा पहाटेत असतं. हिरवं पाणी दिवसा ऊन घेऊन प्राणवायू तयार करतं आणि रात्रभर तोच वापरतं. सूर्य उगवण्याआधी तो सर्वात कमी असतो. भाद्रपदात सलग ढग राहिले किंवा मार्चमध्ये पाणी तापून कमी झालं की मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागतात. असं दिसलं की खाद्य बंद, शेण बंद, आणि पंप चालू करून पाणी परत तळ्यातच फवाऱ्यानं सोडा. यासाठी मुख्य पाइपला तळ्याकडे एक फाटा आणि वाल आधीच काढून ठेवा. एक तुषार नोझल त्याला जोडलं की झालं. हा फाटा माझ्याकडे पहिल्या वर्षी नव्हता.

पाण्यावर हिरवी साय धरली तर तो सिंचन सुरू करायचा दिवस समजा. रोज चार बोटं असं करत फूटभर पाणी पिकाला द्या आणि विहिरीचं ताजं पाणी भरा. एका कामात दोघांचं भलं होतं.

पिकाला पाणी देताना

मासळीच्या पाण्यात नत्र असतं, स्फुरद असतं, बारीक शेवाळ असतं. ते जमिनीला चांगलंच. पण या पाण्यामुळे खताची गरजच उरत नाही असं जे सांगतात ते मला पटत नाही. 450 माशांच्या तळ्यातून संत्र्याच्या बागेचं सगळं नत्र निघत नाही. माती आणि पाणी तपासून घ्या, अहवाल बघून खत थोडं कमी करा.

ठिबकाला मात्र हे पाणी जड जातं. आधी वाळूची गाळणी, तिच्या पुढे जाळीची किंवा चकतीची. नुसती जाळीची गाळणी लावली तर ती तासाभरात शेवाळानं बंद होते. गाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांमधला फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की वाळूची गाळणी उलट्या पाण्यानं धुवा. ते घाण पाणी आंब्याच्या किंवा लिंबाच्या आळ्यात सोडा, तळ्यात नको. दर पंधरवड्याला उपनळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी वाहू द्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यातले क्षार वाढतात, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. संत्र्याला खारट पाणी सोसत नाही. फेब्रुवारीत एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्या. माशांच्या रोगावर उपाय म्हणून तळ्यात मीठ ओतायला कुणी सांगितलं तर बागवाल्यानं ते करू नये. मासे वेगळ्या टाकीत घेऊन तिथे मिठाच्या पाण्यात बुडवावेत.

आणि ठिबकातून खत सोडणाऱ्यांनी पाइपवर नॉन-रिटर्न वाल बसवलाच पाहिजे. पंप बंद पडल्यावर युरियाचं पाणी उलटं तळ्यात आलं तर एका रात्रीत सगळं संपतं.

फवारणीबद्दल वेगळं सांगतो, कारण आपला भाग पऱ्हाटीचा आहे. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही गुलाबी बोंडअळीवरची नेहमीची औषधं माणसापेक्षा माशांना किती तरी पटींनी घातक आहेत. झाकणभर औषध तळ्यात पडलं तरी पुरतं. तळ्याच्या कडेनं वीस मीटरचा पट्टा तूर, शेवगा किंवा चाऱ्याचा ठेवा आणि तिथे फवारू नका. वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी पंप खांद्याला लावू नका. फवारणीचा पंप तळ्यावर कधीच धुऊ नका. मजुरांना हे दरवर्षी नव्यानं, समोर उभं राहून सांगावं लागतं.

विक्री पाण्याच्या पुढे पळायला हवी

मासे एकदम काढायचे नसतात. जानेवारीत जाळं ओढून जे 700 ग्रॅमच्या पुढे गेलेत तेवढे काढा, बहुधा कटलाच. त्यामुळे उरलेल्यांना जागा होते आणि पाणी कमी होत जातं तशी तळ्यातली गर्दीही कमी होते. फेब्रुवारीत दुसरं जाळं. मार्चमध्ये पाणी रेघेला टेकण्याआधी बाकीचे.

दिवस पाहून जाळं टाका. आपल्याकडे धुळवडीला घराघरात मटण किंवा मासळी शिजते, आणि ती नेमकी आपल्या हंगामाच्या शेवटी येते. माझा अर्धा माल त्या दोन-तीन दिवसांत जातो. त्याच्या पाठोपाठ चैत्राचं नवरात्र येतं आणि गिऱ्हाईक एकदम तुटतं, म्हणून धुळवड हुकवू नका. नागपुरात भोईपुरा आणि मंगळवारी बाजारात ठोक माल जातो, पण तिथे आंध्रातून बर्फात आलेल्या मासळीशी गाठ असते. तुमचं बळ जिवंत मासा हे आहे. गावात, शेजारच्या चार गावांत आणि तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पाण्याच्या ड्रममधून जिवंत विकला तर भाव चांगला मिळतो आणि काटाही तुमचाच असतो. जाळं ओढायला जवळच्या भोई किंवा ढीवर मंडळींना बोलवा, मजुरी आधी ठरवा. त्यांच्या हातात मासा कमी दुखावतो, आणि तळ्याचं आरोग्य ते नुसतं पाण्याच्या वासावरून सांगतात.

चांगल्या वर्षी माझ्या तळ्यातून अडीच क्विंटलच्या आसपास मासळी निघते. त्यासाठी पाच-सहा क्विंटल कोंडा-ढेप लागते. त्यात बीज, जाळ्याची मजुरी आणि विजेचा थोडा खर्च धरूनच नफ्याचा हिशेब करा.

एप्रिल आणि मे

रेघेखालचं पाणीही ऊन सोडत नाही. एप्रिल-मेमध्ये आणखी दीड फूट जातं आणि पावसाच्या तोंडाला तळात दोन-अडीच फूट उरतं. म्हणून मार्चनंतर विक्रीचा मासा तळ्यात ठेवू नका. मी फक्त पुढच्या वर्षीसाठी दीड-दोनशे बोटुकली खोल कोपऱ्यात ठेवतो, त्यावर बांबूच्या ताट्यावर शेडनेट टाकतो आणि मूठभर कोंड्यावर जगवतो. तेच माझं जुलैचं रोखलेलं बीज. कोपऱ्यातही पाणी गुडघ्याखाली गेलं तर तेही विकून मोकळा होतो.

मातीच्या तळ्यातला गाळ, तळ उघडा पडला असेल तिथला, मेमध्ये काढून संत्र्याच्या आळ्यांत घाला, झाडाला दोन-तीन टोपल्या पुरतात. प्लास्टिकच्या तळ्यात फावडं उतरवू नका, लाकडी फळीनं गाळ ओढून घ्या आणि जिथे कागद कोरडा दिसेल तिथे हात फिरवून भोकं शोधा. ठिगळ त्याच आठवड्यात लावून घ्या. मग ब्रश घेऊन खांबाची लाल रेघ पुन्हा रंगवायची, फूटव्हॉल्व्हचा पिंजरा साफ करायचा, आणि रोहिणी नक्षत्र लागलं की आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडावरची जाळी बदलून ठेवायची.